थित खो दर वेळी कडूच होतं? चूक पहिल्या दहा मिनिटांत शोधा

व्हिएतनाममधल्या सायगॉनहून पुण्याला परत आल्यावर पहिल्या वर्षात मी थित खो, म्हणजे तिकडचं मुरवून शिजवलेलं पोर्क, पाच वेळा केलं. त्यातलं चार वेळा ते कडू झालं. पहिल्यांदा दोष फिश सॉसला दिला, दुसऱ्यांदा शहाळ्याला. तिसऱ्यांदा कोल्ड स्टोरेजवाल्याला जुनं मांस गळ्यात मारल्याबद्दल मनातल्या मनात चार शिव्या घातल्या. बिचाऱ्याचा काडीचा संबंध नव्हता. चौथ्या वेळी नवऱ्याने एक अक्षर न काढता रस्सा भाताखाली ढकलला, तेव्हा मी वही काढली. पाचव्यांदा करताना दर पायरीला चव घेतली आणि लिहून ठेवली. पुढचं सगळं त्या वहीतलं.

ज्यांनी हा पदार्थ खाल्लेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. थित म्हणजे मांस, खो म्हणजे खारट-गोड रसात मंद आचेवर मुरवत शिजवणं. दक्षिण व्हिएतनामात डुकराच्या पोटाकडच्या मांसाचे मोठे चौकोनी तुकडे शहाळ्याच्या पाण्यात, फिश सॉस आणि जाळलेल्या साखरेच्या रंगात दीड-दोन तास शिजवतात आणि त्यात उकडलेली अख्खी अंडी सोडतात, शक्यतो बदकाची. ‘तेत’ला, म्हणजे त्यांच्या चांद्र पंचांगाच्या नव्या वर्षाला, घरोघरी हे मोठ्या पातेल्यात होतं आणि तीन-चार दिवस पुरवून खाल्लं जातं. पूर्वी त्या दिवसांत बाजार बंद असायचे, त्यामुळे टिकाऊ पदार्थ हवा असायचा. चौकोनी मांस आणि गोल अंडी, म्हणून सगळं ‘चौकोनी-गोल’, म्हणजे यथासांग, असाही अर्थ लावतात. गरम मसाला नाही, हळद नाही, तिखट नाही. उत्तरेकडे, हनोईच्या बाजूला, शहाळ्याचं पाणी सहसा नसतं आणि गोडीही कमी असते. मी शिकले ती सायगॉनची रीत, त्यामुळे इथे तीच.

आधी ठरवा: कडू की करपट?

सायगॉनला आमच्या मजल्यावर एक बाई राहायच्या. सगळे त्यांना ‘को हाय’ म्हणायचे. को म्हणजे आत्या, आणि हाय म्हणजे दोन. दक्षिणेत घरातल्या थोरल्या भावंडाला एक नाही, दोन नंबर देतात, म्हणजे या थोरल्या. मला ‘कोन’ म्हणायच्या, लेकरू. पुण्याहून त्यांना व्हिडिओ कॉल केला आणि माझ्या मोडक्यातोडक्या व्हिएतनामीत सांगितलं की कडू होतंय, तर त्यांनी उलट विचारलं: ‘दांग’ की ‘खेत’? कडू की जळकं?

मला वाटलं शब्दाचा कीस काढताहेत. पण आपल्याकडेही हे दोन वेगळेच आहेत. कारलं कडू असतं, तळाशी लागलेली खीर करपट असते. कडवटपणा जिभेच्या मागच्या भागात रेंगाळतो. करपटपणा आधी नाकाला कळतो आणि घास गिळल्यावर घशात धूर राहतो. थित खोत दोन्ही येऊ शकतात, आणि दोन्हींची कारणं निराळी आहेत. त्यामुळे पुढे जाण्याआधी एक चमचा रस्सा वाटीत काढा, त्यात दुप्पट गरम पाणी घाला, निवू द्या आणि मग चाखा. मीठ आणि साखर पातळ झाली की खाली काय दडलंय ते कळतं. माझ्या चारांपैकी तीन वेळा कडू होतं आणि एकदा करपट.

साखर: चूक इथेच घर करून आहे

या रश्श्याचा रंग येतो ‘नुओक माउ’मधून. शब्दशः रंगाचं पाणी. साखर जाळून करायची. दक्षिण व्हिएतनामातला बेन त्रे भाग नारळासाठी प्रसिद्ध आहे, तिथे नारळाचं पाणीच तासन्‌तास आटवून असाच काळसर रंग करतात आणि बाटल्यांत विकतात. घरी बहुतेक लोक साखरच वापरतात. आपल्याला हे अगदीच परकं नाही. मुंबईतल्या पारशी घरांत धनसाकसोबतचा तपकिरी भात जाळलेल्या साखरेनेच रंगवतात.

आपण एकतारी-दोनतारी पाकात तरबेज, त्यामुळे साखर म्हटलं की आपल्याला भीती वाटत नाही. तिथेच फसतो. पाकाचं सगळं गणित पाणी किती आटलं याचं असतं. इथे पाणी संपल्यावर खरी गोष्ट सुरू होते. साधारण १६० अंश सेल्सिअसच्या पुढे साखर स्वतःच मोडायला लागते. आधी मधाचा रंग, मग कोऱ्या चहाचा, मग लालसर गडद तपकिरी, आणि मग काळा. जसजसा रंग चढतो तसतशी गोडी उतरते आणि कडवटपणा वाढतो. शेवटी शेवटी बनणारे गडद पदार्थ तर मुळातच कडू असतात. म्हणजे थोडा कडवटपणा या पदार्थात मुद्दाम हवा असतो, नाहीतर तो नुसता गोडमिट्ट होईल. प्रश्न आहे तो कुठे थांबायचं एवढाच.

व्हिएतनामी बायका त्या रंगाला म्हणतात ‘झुरळाच्या पंखाचा रंग’. ऐकायला कसंतरी वाटतं, पण एकदा डोळ्यासमोर आणा: लालसर, चकचकीत, उजेडात धरला तर आरपार दिसेल असा तपकिरी. याहून नेमकं वर्णन मला अजून सापडलेलं नाही.

आता माझी चूक. मी साखर बिडाच्या जाड कढईत जाळत होते. जाड बूड चांगलं, ही आपली पक्की समजूत, आणि मटणाला ती खरीही आहे. पण बिडाची कढई गॅस बंद केल्यावरही भरपूर उष्णता धरून ठेवते. मी अगदी बरोब्बर रंगावर गॅस बंद करत होते आणि मग मांस आणायला फ्रीजकडे वळत होते. तेवढ्या अर्ध्या मिनिटात साखर पुढे निघून जायची. वरून काळ्या कढईत काळपट साखरेचा रंग दिसणार कसा? चार वेळा मी डोळ्यांना नाही, अंदाजाला विचारून थांबले.

त्यामुळे पहिली दुरुस्ती भांड्याची. आतून चकचकीत किंवा पांढरं असलेलं, मध्यम बुडाचं स्टीलचं पातेलं घ्या. दुसरी दुरुस्ती थांबण्याची. हवा त्या रंगाच्या एक पाऊल आधी, कोऱ्या चहाच्या रंगावरून लाली चढायला लागली की पातेलं गॅसवरून उचला आणि ते आपल्या उष्णतेने पुढचा रंग गाठेल याची वाट पाहा. मोठे बुडबुडे बारीक होऊन फेस येऊ लागला आणि धुराची पहिली बारीक रेघ निघाली, की तोच क्षण. रेघेचा ढग झाला तर ते फेकून द्या. त्यात पाणी घालून, साखर घालून, देवाचं नाव घेऊन काही होत नाही. कडू-गोड होतं, जे नुसत्या कडूपेक्षा वाईट.

गुळाने करून पाहिलं, कारण मला वाटलं आपला गूळ सरस. नाही. गुळात साखरेखेरीज इतर बरंच काही असतं, तो फसफसतो, लवकर काळा पडतो आणि रंग गढूळ येतो. रश्श्यात गोडीसाठी चिमूटभर गूळ घाला, छान लागतो. मेकाँग नदीच्या मुलखात ताडगूळ घालणारे लोक आहेतच. पण रंगासाठी पांढरी साखरच.

रंग आणि मांस वेगळं करा

या सगळ्या लिखाणातली एकच गोष्ट घ्यायची असेल तर ही घ्या. बहुतेक पाककृती सांगतात की पातेल्यात साखर जाळा आणि त्यातच मांस टाका. ज्याचा हात बसलाय त्याला ते सोपं आहे. आपण मात्र मूठभर साखर बिघडली की किलोभर पोर्क, तीन शहाळी आणि रविवारची दुपार घेऊन बुडतो.

त्यापेक्षा रंग आदल्या दिवशी वेगळा करून ठेवा. १०० ग्रॅम साखर, २ मोठे चमचे पाणी, मध्यम आच. विरघळेपर्यंत हलवायचं, त्यानंतर चमचा घालायचा नाही, फक्त पातेलं गोल फिरवायचं. बाजूला दुसऱ्या भांड्यात अर्धी वाटी पाणी उकळतं ठेवा. रंग आला की पातेलं खाली, आणि कडेकडेने थोडं थोडं उकळतं पाणी सोडा. हे जोरात उसळतं, तडतडतं, वाफेचा लोट येतो. हात लांब, तोंड लांब, पोरं स्वयंपाकघराबाहेर. गार पाणी घातलंत तर उसळी जास्त आणि साखरेचा दगड होतो. झालाच दगड तर घाबरू नका, पुन्हा मंद आचेवर ठेवलं की विरघळतो.

एक मिनिट उकळून गार करा आणि आता थेंबभर रंग पाण्यात घालून चाखा. चहाच्या चोथ्याइतका कडवटपणा चालेल. औषधासारखा लागला तर मोरीत ओता, पुन्हा करा. चांगला जमला तर काचेच्या स्वच्छ बाटलीत भरून फ्रीजमध्ये, महिनोन्‌महिने राहतो. किलोभर मांसाला एक ते दीड मोठा चमचा पुरतो, आणि कमी वाटला तर शिजतानाही वरून घालता येतो. हा मोठा फायदा. पातेल्यातच साखर जाळली तर रंग वाढवण्याची दुसरी संधी मिळत नाही.

को हायना हे सांगितलं तर त्या हसल्या. म्हणाल्या, आम्ही तर बाजारातून बाटली आणतो, तू कशाला जाळत बसलीस?

लसूण आणि ती काळी कडा

करपटपणाचं कारण मात्र साखर नव्हती, लसूण होता. आपली सवय: तेल तापलं की आलं-लसूण वाटण, परतून परतून कच्चा वास जाईपर्यंत. जळत्या साखरेत किंवा तिच्याइतक्या तापलेल्या तेलात बारीक वाटलेला लसूण काही सेकंदांत काळा होतो आणि ती चव दोन तास रश्श्यात फिरत राहते. इथे लसूण वाटायचा नाही, ठेचायचासुद्धा जेमतेम. पाच-सहा पाकळ्या चाकूच्या पात्याने दाबायच्या, चार-पाच सांबार कांदे अर्धे करायचे आणि दोन्ही मांसासोबतच मुरवायला ठेवायचं. पातेल्यात आधी मांस जातं, भांडं थंडावतं, मग लसूण. आलं बहुतेक घरांत घालत नाहीत. मला तर त्याने रश्श्याची गोडी मारली गेल्यासारखी वाटते.

आणखी एक जागा कुणाच्या लक्षात येत नाही. रस्सा झाकण न लावता आटतो, तेव्हा पातेल्याच्या आतल्या भिंतीला, मूळ पातळीपाशी, काळपट चिकट वर्तुळ धरतं. शहाळ्याच्या पाण्यातली साखर तिथे वाळून जळलेली असते. आपण भातवाढणं फिरवून ‘वाया कशाला’ म्हणत तो थर खरवडून आत ढकलतो. ढकलू नका. ओल्या फडक्याने अधूनमधून पुसून काढा.

बाटलीतलं नारळपाणी वापरत असाल तर लेबल वाचा, बऱ्याच बाटल्यांत वरून साखर असते. त्याने रस्सा आटताना जास्त काळा आणि जास्त गोड होतो. शहाळेवाल्याकडे जाऊन ‘पाणीवालं’ मागा, मलईवालं नको. किलोभर मांसाला एक ते सव्वा लिटर पाणी लागतं, म्हणजे तीन-चार शहाळी धरा. आणि प्रत्येक शहाळं आधी चाखा. एखादं आंबूस निघतं आणि सगळ्या पातेल्याची वाट लावतं. आणि हो, नारळाचं दूध नाही! माझ्या एका मैत्रिणीने मालवणी रश्श्यासारखं जाड दूध घातलं. दोन तासांत ते फुटलं, वर खोबरेल तेलाचा थर आला आणि मला फोन आला की तुझी पाककृती चुकीची आहे.

कडू झालंच असेल तर

मांस शिजायला टाकल्यावर पहिल्या अर्ध्या तासात कळलं तर वाचवता येतं. रस्सा पूर्ण ओतून टाका, मांस गरम पाण्याने धुऊन घ्या, नवं शहाळ्याचं पाणी, नवा फिश सॉस, आणि रंगाच्या बाटलीतला एक चमचा. मांसाच्या आत अजून फार काही गेलेलं नसतं. दोन तासांनंतर कळलं तर हे जमत नाही. किंचितच कडवट असेल तर थोडा जास्त फिश सॉस घालून पाहा. मिठाने जिभेला कडवटपणा कमी जाणवतो. साखर त्याच्या नंतर, तीही चिमटीने.

उलटं दुखणंही होतं. चार वेळा तोंड पोळल्यावर पाचव्या वेळी मी साखर मधाच्या रंगावरच उतरवली. रस्सा फिकट, गोड, आजाऱ्याला द्यावा तसा. अशा वेळी हात आपोआप डार्क सोया सॉसकडे जातो. थांबा. सोयाने रंग येतो, पण चव चिनी रेस्टॉरंटची होते आणि मीठ दुप्पट. रंगाची बाटली असेल तर अर्धा-अर्धा चमचा वाढवा. नसेल तर फिकटच खा, वाईट नाही लागत. दुसऱ्या दिवशी गरम केल्यावर तो आपोआप थोडा गडद होतो.

खारट

कडूनंतर सगळ्यांत जास्त तक्रार हीच ऐकते. कारण सरळ आहे. फिश सॉस सुरुवातीलाच सगळा घातला, मग रस्सा अर्ध्यावर आणला. पाणी उडालं, मीठ तिथेच.

फिश सॉस म्हणजे त्यांचा ‘नुओक माम’. आपल्या मांदेलीच्या गोतातले बारीक मासे आणि समुद्री मीठ लाकडी पिंपांत सुमारे वर्षभर मुरवून काढलेला अर्क. फू क्वोक बेटाचा सर्वांत नावाजलेला. २०१२ साली युरोपीय संघाने त्या नावाला भौगोलिक संरक्षणही दिलं. तिथल्या बाटलीवर ३० किंवा ४० असा आकडा असतो, तो मिठाचा नाही, लिटरमागे किती ग्रॅम नायट्रोजन आहे त्याचा. आकडा मोठा म्हणजे चव दाट. आपल्याकडे सहज मिळतात त्या बाटल्या बहुधा थाई, आणि काहींत साखरही असते. कुठलीही घ्या, एका मोठ्या चमच्यात साधारण पाऊण छोटा चमचा मीठ आहे असं धरून चाला. वरून वेगळं मीठ नको.

किलोला चार मोठे चमचे लागतील असा अंदाज असेल तर मुरवताना दोन घाला. उरलेले शेवटच्या वीस मिनिटांत, चाखत चाखत. उशिरा घातल्याने वासही ताजा राहतो. कच्च्या फिश सॉसच्या वासाने घरातले नाक मुरडत असतील तर थोडं सोसा. उकळी आल्यावर पाच-सात मिनिटांत तो वास बसतो.

या पदार्थाचं दक्षिणेतलं पूर्ण नाव ‘थित खो ताउ’. ताउ म्हणजे चिनी, असं पुष्कळ लोक समजतात. दुसरे सांगतात की मेकाँगच्या बोलीत ताउ म्हणजे धड खारं नाही, धड गोडं नाही असं मचूळ पाणी, आणि हे खो तसंच सौम्य हवं. व्युत्पत्तीचा वाद मी सोडवू शकत नाही, पण चवीपुरता दुसरा अर्थ कामाचा आहे. रस्सा भातावर सढळ हाताने ओतून खाता आला पाहिजे, चटणीसारखा बोटाने चाटून नाही.

आणि एक खास आपली चूक. भातात मीठ. आमच्या सांगलीच्या घरात भाताच्या आधणात मीठ पडलंच पाहिजे. तिकडे भात पूर्ण अळणी असतो. मी दोन वेळा रश्श्याला दोष दिला आणि दोष भाताचा होता.

झालाच खारट तर बटाटा टाकू नका. तो थोडा रस्सा शोषतो आणि स्वतः खारट होतो, उरलेला रस्सा होता तसाच राहतो. गरम शहाळ्याचं पाणी वाढवा, अंडी जास्त सोडा.

मांस चिवट, कोरडं

निम्मी चूक दुकानातच होते. आपल्याकडे पोर्क मागितलं की दुकानदार चरबी कमी असलेला तुकडा कौतुकाने काढून देतो आणि करीसाठी म्हणून बारीक तुकडे करतो. दोन्ही नको. पोटाकडचा, मांस-चरबी-मांस असे पट्टे दिसणारा भाग, सालासकट, अख्खी लादी मागा आणि घरी चार-पाच सेंटिमीटरचे तुकडे करा. तुकडे मोठे वाटतात, पण ते आक्रसतात. चरबीची भीती असेल तर मांडीचा सालासकट भाग अर्धा मिसळा. नुसतं तांबडं मांस दोन तास शिजवलं तर त्याचा दोरा होतो, आणि त्याला पाककृती जबाबदार नाही.

दुसरी निम्मी चूक आचेची. सालीतलं आणि मांसाच्या धाग्यांमधलं कोलॅजेन ७० अंशांच्या पुढे हळूहळू विरघळून जिलेटिन होतं, त्यानेच रस्सा ओठांना चिकटतो. पण त्याच्या आधी स्नायूंचे धागे आक्रसून पाणी सोडतात. म्हणजे चाळिसाव्या मिनिटाला मांस सुरुवातीपेक्षा जास्त कडक लागतं! इथे धीर सुटतो. लोक गॅस मोठा करतात किंवा कुकरमध्ये ओतून चार शिट्ट्या काढतात. काहीही करू नका. सव्वा तासानंतर सुरी सालीत सहज जाते की नाही ते बघा.

आच कशी हवी याला त्यांच्याकडे सुंदर शब्द आहे, ‘रिउ रिउ’. विस्तव जेमतेम धुगधुगतोय असा. रश्श्याच्या पृष्ठभागावर इकडे एक, तिकडे एक बुडबुडा. आपल्या गॅसचा लहान बर्नरही यासाठी कधीकधी मोठा पडतो. मग पातेल्याखाली तवा ठेवा, बिर्याणीच्या दमाला ठेवतो तसा.

कुकरबद्दल विचारलं जातंच, म्हणून सांगते. मांस मऊ होतं, खोटं नाही बोलणार. पण पाणी आटत नाही, चरबी वितळून रश्श्यात उतरते, प्रेशर काढताना आतला रस्सा खळाखळा उकळून गढूळ होतो आणि साल सुटून येते. घाई असेल तर एक शिट्टी, मग प्रेशर आपोआप उतरू द्या आणि बाकीचा तासभर उघड्या पातेल्यात. त्यापुढे मी जाणार नाही.

पाणी कमी पडलं तर उकळतं घाला, नळाचं गार ओतलं की सगळं पुन्हा पहिल्यापासून तापावं लागतं.

गढूळ रस्सा, रबरी अंडी

रस्सा आरपार दिसायला हवा. त्यासाठी मांस मुरवण्याआधी उकळत्या पाण्यात दोन-तीन मिनिटं टाकून काढायचं, धुवायचं. पहिल्या उकळीचा फेस काढायचा. झाकण ठेवायचं नाही. एवढं पुरतं. गोव्याकडची किंवा वसईची सवय असेल तर व्हिनेगरकडे हात जाईल, पण सोरपोतेलचा आंबटपणा इथे नको. आंबट हवंच असेल ते सोबतच्या लोणच्यात असतं: मोड आलेल्या मुगाचे लांब कोंब आणि गाजर, मीठ-साखर-व्हिनेगरच्या पाण्यात काही तास ठेवलेलं. आपल्या उसळीच्या मटकीने ते होत नाही, कोंब लांबच लागतात.

अंडी वेगळी उकडा, कोंबडीची ८ मिनिटं, बदकाची मिळाली तर १० ते १२. सोलून शेवटच्या अर्ध्या तासात सोडा. सुरुवातीपासून टाकलीत तर पांढरा भाग चामड्यासारखा होतो. तेतच्या चौथ्या दिवशीच्या पातेल्यातलं असं तपकिरी, घट्ट अंडं मुद्दाम शोधून खाणारे लोक मी पाहिलेत, त्यामुळे याला चूक म्हणावं की नाही तुम्ही ठरवा.

तिसऱ्या दिवशी आंबट वास

शहाळ्याच्या पाण्यात साखर असते आणि ते लवकर आंबतं. तिकडे तेतचं पातेलं रोज सकाळ-संध्याकाळ उकळी आणून ठेवायची जुनी रीत आहे, पण मे महिन्यात पुण्यात त्या भरवशावर राहू नका. शिजल्यावर दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये. सगळं पातेलं पुन्हा पुन्हा गरम करायचं नाही, लागेल तेवढंच कोरड्या डावाने काढायचं आणि खळखळून उकळायचं. खरकटा चमचा एकदा आत गेला की संपलं. आंबट वास आला, बुडबुडे दिसले, रस्सा बुळबुळीत लागला, तर चाखूनही बघू नका.

फ्रीजमध्ये वर पांढऱ्या चरबीचा थर येतो आणि खाली रस्सा थरथरत्या खरवसासारखा होतो. हे बिघडलेलं नाही, हे जमलेलं आहे. थर उलथन्याने सहज निघतो. निम्मा काढा, निम्मा राहू द्या. काढलेली चरबी मी वाटीत ठेवते आणि उरलेला अळणी भात त्यात लसणीवर परतते. नवरा आता तो भात आधी मागतो, रस्सा नंतर.